‘माझं काही नाही हो, पण...’

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर भोर इथे झालं. पहिल्या रात्री ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट दाखवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

काल रात्री सिनेमा संपून दिवे लागले, तेव्हा मागच्या रांगेतून एकीने विचारलं, ‘ताई, सगळं कळलं, पण यात व्हिलन कोण?’ बऱ्याच जणी हसल्या. मला मात्र वाटलं की आजच्या बोलण्याचा विषय तिने एका वाक्यात सांगून टाकला.

आपल्याला सिनेमातला वाईट माणूस ओळखायची सवय आहे. ‘सामना’ आपल्यातल्या कित्येक जणींनी पाहिला असेल. १९७५ सालचा, तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. त्यातला निळू फुल्यांचा हिंदुराव पडद्यावर आला की अंगावर काटा येतो. त्याची नजर, त्याचं बोलणं, सगळं सांगत असतं की हा माणूस धोक्याचा. अशा खलनायकाचा एक फायदा असतो. तो आपल्यासारखा दिसत नाही. त्यामुळे सिनेमा पाहून घरी जाताना आपल्याला स्वतःबद्दल काही शंका येत नाही.

‘कोर्ट’मध्ये ही सोय नाही. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला बक्षिसं मिळाली आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारही. गोष्ट तुम्ही पाहिली आहे. नारायण कांबळे हा पासष्टीचा लोकशाहीर. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप ठेवून त्याला पकडतात. कामगार मेला तो गटारातल्या विषारी वायूने. त्याच्याजवळ ना मास्क, ना सुरक्षेची कसली साधनं. त्याची बायको साक्ष देताना सांगते की आत हवा आहे की नाही हे बघायला तो आधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतं का ते पाहायचा. एवढं ऐकूनही खटला चालूच राहतो. तारखा पडतात. शाहीर जामिनावर सुटतो, पुन्हा आत जातो. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते.

शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे, प्रत्यक्ष चळवळीतले कार्यकर्ते होते. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने त्यांचं निधन झालं. गाणी संभाजी भगतांची. हे मुद्दाम सांगते, कारण पडद्यावरचा हा माणूस हवेतून आलेला नाही.

आता व्हिलन कोण? मला वाटतं आपल्या सगळ्यांची नजर त्या सरकारी वकील बाईंवर खिळली होती. गीतांजली कुलकर्णींनी केलेली नूतन. कोर्टात ती जुन्या इंग्रजी कायद्याची कलमं एका दमात वाचून दाखवते. मग कोर्ट सुटतं, आणि सिनेमा तिच्या मागोमाग निघतो. लोकलमध्ये ती शेजारच्या बाईशी साडीबद्दल, स्वयंपाकातल्या तेलाबद्दल बोलते. मुलाला घेऊन घरी येते, लगेच स्वयंपाकाला लागते. सगळ्यांचं जेवण झालं की रात्री पुन्हा फायली. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे पाहताना तिच्याबद्दल माया वाटली असेल. मलाही वाटली. दुहेरी ओझं, दुहेरी ओझं असं जे आपण शिबिरांतून सांगतो, ते या बाईइतकं नेमकं फार कमी वेळा पडद्यावर आलं आहे.

आणि हीच बाई दुसऱ्या दिवशी कोर्टात उभी राहून एका म्हाताऱ्या माणसाला तुरुंगात ठेवायची मागणी करते. तिच्या मनात शाहिराबद्दल राग नाही. तो तिच्यासाठी एक फाईल आहे. हे प्रकरण एकदाचं निकालात निघालं तर बरं, इतकंच तिला वाटतं. सुट्टीच्या दिवशी ती घरच्यांबरोबर नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढतात आणि सगळं प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. तीही हसते. हा प्रसंग पाहताना काल आपल्या हॉलमध्येही दोन-चार जणी हसल्या आणि मग गप्प झाल्या. दिग्दर्शकाने नेमकी तीच जागा पकडली आहे.

‘कोर्ट’ हा फॅसिझमवरचा चित्रपट आहे असं मी म्हणणार नाही. त्यात हुकूमशहा नाही. न्यायाधीश आहेत, वकील आहेत, जामीनही मिळतो. पण माणसाला चिरडणारं यंत्र कोण चालवतं, या प्रश्नाचं जे उत्तर तो देतो, तेच उत्तर फॅसिझमवरच्या चांगल्या चित्रपटांनी दिलेलं आहे. त्यातले दोन मी तुम्हाला सांगते. ते आपल्या भाषेतले नाहीत, पण त्यातलं घर आपल्या ओळखीचं आहे.

पहिला इटलीचा, एत्तोरे स्कोलाचा ‘अ स्पेशल डे’, १९७७ सालचा. गोष्ट मे १९३८ मधल्या एका दिवसाची. हिटलर मुसोलिनीला भेटायला रोमला आला आहे. अख्खी चाळ म्हणावी तशी मोठी इमारत संचलन बघायला रिकामी होते. मागे राहते सहा मुलांची आई अंतोनिएत्ता, कारण घरातलं काम उरलं आहे. सोफिया लॉरेनने हे काम केलं आहे. नटवी, झगमगती लॉरेन इथे विटलेल्या झग्यात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन वावरते. तिने मुसोलिनीच्या फोटोंचा आल्बम प्रेमाने जमवलेला आहे. समोरच्या घरात राहणारा गाब्रिएले हा रेडिओवरचा निवेदक. तो समलिंगी आहे म्हणून त्याची नोकरी गेली आहे आणि त्याच रात्री त्याला हद्दपार करून दूरच्या बेटावर नेणार आहेत. दिवसभर ही दोघं बोलतात. बाहेर रेडिओवरून मिरवणुकीचा गजर चालू असतो. त्याचा आवाज जिन्यातून, खिडकीतून, सगळीकडून घरात शिरतो.

या बाईला घरात कोणी विचारत नाही. नवरा दुसऱ्या बायकांकडे जातो. शिक्षण नाही, म्हणून तिला स्वतःची लाज वाटते. आणि तरी तिला वाटतं की तो भिंतीवरचा पुढारी आपला आहे. का वाटतं? कारण त्या राजवटीने बाईला एक मान दिला होता, आई होण्याचा. मुसोलिनीने १९२७ पासून अविवाहित पुरुषांवर कर बसवला. जास्त मुलं असलेल्या कुटुंबांना बक्षिसं ठेवली. जर्मनीत तर १९३८ साली जास्त मुलांच्या आयांसाठी पदकच काढलं. ज्या बाईच्या राबण्याची घरात कोणी दखल घेत नाही, तिला सरकार पदक देतं, तेव्हा ती सरकारची होते. चित्रपटाच्या शेवटी नवरा घरी येतो आणि सातव्या मुलाची गोष्ट काढतो. झाला तर नाव अडोल्फो ठेवायचं. हे तो अगदी सहज बोलतो. समोरच्या खिडकीतला दिवा विझलेला असतो.

दुसरा चित्रपट अलीकडचा, २०२३ मधला. जोनाथन ग्लेझरचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’. २०२४ साली त्याला सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचं आणि ध्वनीचं ऑस्कर मिळालं. आउश्वित्झ या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्यॉस, त्याची बायको हेडविग आणि त्यांची मुलं छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतात. त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. चित्रपटात भिंतीपलीकडचा संहार दाखवत नाहीत. दिसते ती बाग. भाज्यांचे वाफे, फुलं, मुलांसाठी पोहायचा हौद. ऐकू मात्र सगळं येतं. गोळ्या, कुत्री, किंकाळ्या आणि भट्ट्यांची रात्रंदिवस चाललेली घरघर.

हेडविगकडे मेलेल्या बायकांचे कपडे येतात. एक केसाळ, उंची कोट ती आरशासमोर घालून पाहते. खिशात लिपस्टिक सापडते, तीही लावून बघते. तिची आई राहायला येते. ती पूर्वी एका ज्यू बाईच्या घरी साफसफाईला जायची. ती बाई आता भिंतीपलीकडे असेल का, असं ती सहज बोलून जाते. आणि हळहळ कशाची, तर त्या बाईच्या पडद्यांचा लिलाव झाला तेव्हा ते पडदे आपल्याला मिळाले नाहीत याची. पुढे नवऱ्याची बदली होते, तेव्हा हेडविग हटून बसते. हे घर मी सोडणार नाही. आपण स्वप्नात पाहिलं ते हेच. मैत्रिणींनो, इतकी भयंकर गोष्ट इतक्या ओळखीच्या शब्दांत मी क्वचित ऐकली आहे. घर, बाग, मुलांची हवापाणी, नवऱ्याची बदली. आपल्या गप्पांतले हे शब्द.

हॅना आरेंट या ज्यू विचारवंत बाईंनी या गोष्टीला नाव दिलं. हिटलरच्या राज्यात लाखो ज्यूंना छावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था लावणारा आइकमन याच्यावर १९६१ साली जेरुसलेममध्ये खटला चालला. त्या तो पाहायला गेल्या आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. समोर राक्षस दिसेल असं सगळ्यांना वाटत होतं. दिसला तो आगगाड्यांचं वेळापत्रक, हुकूम आणि बढती यांच्याबद्दल बोलणारा एक अधिकारी. आरेंट यांनी त्याला दुष्टपणाचं सामान्यपण म्हटलं. त्यांच्या या म्हणण्यावर तेव्हाही खूप वाद झाला. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की आइकमन वाटला तितका बिनडोक हुकुमाचा ताबेदार नव्हता. ज्यूंचा द्वेष त्याच्यात पुरेपूर होता, कोर्टात त्याने साळसूदपणाचं सोंग आणलं. हा वाद आपण लक्षात ठेवायला हवा. माणूस सामान्य आहे म्हणजे तो निर्दोष आहे, असं होत नाही. ‘मी काय, हुकुमाचा ताबेदार’ हे वाक्य पुष्कळदा खोटं असतं.

कोणी म्हणेल, ही युरोपातली उदाहरणं झाली. तर थोडं आपल्याकडे येऊ. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना आणीबाणी आठवत असेल. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्यावाचूनही काम चालूच होतं. शिक्षकांना, सरकारी नोकरांना माणसं आणून द्यायचे आकडे ठरवून दिले होते. आकडा भरला नाही तर पगार अडायचा. ज्या गुरुजींनी एखाद्या गरिबाला टेबलापर्यंत नेलं, ते संध्याकाळी आपल्या मुलांचा अभ्यासही घेत असतील. दिल्लीचा हुकूम गावात पोचतो तो असा, ओळखीच्या माणसाच्या पायांनी.

आता बाईबद्दल बोलू. या तिन्ही चित्रपटांत बाई मध्यभागी आहे, आणि आपल्याला ते अवघड जातं. आपण चळवळीतल्या बायका दोन सोप्या उत्तरांपैकी एखादं पकडतो. एक म्हणजे, बाई मुळात प्रेमळ असते, हिंसा पुरुषाची. दुसरं उत्तर पुरुषांचं आवडतं, बाईच बाईची वैरीण. दोन्ही टाकून द्यायला हवीत. नूतन, अंतोनिएत्ता आणि हेडविग यांना एका मापाने मोजता येत नाही. हेडविग लुटीवर जगते आणि तिला ते ठाऊक आहे. अंतोनिएत्ता स्वतःच भरडलेली आहे आणि एका दिवसात तिला थोडं दिसू लागतं. नूतन या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे. नोकरी करते, थकते, आणि आपल्या कामाचा अर्थ काय हे विचारायला तिला सवड नाही, गरजही वाटत नाही. पुरुषसत्ता बाईला दाबते हे खरं. त्याच वेळी ती तिला छोटी छोटी कामंही सोपवते. कुणाला घरात घ्यायचं, कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, कुणाशी बोलायचं नाही, ही कामं घराघरात बायकाच करतात.

आपल्या या डोंगरपट्ट्यातलीच एक हकिगत सांगते. गावाचं नाव घेत नाही, घेऊही नका. वेल्हे, म्हणजे आता सरकारी कागदावर राजगड तालुका, की भोर, हेही सांगत नाही. शेजारच्या घरातली सून जळून मेली. या बाईने त्या रात्री जे ऐकलं ते पोलिसांना सांगितलं. बाई विधवा, दोन मुलं, थोडी भातशेती. साक्ष दिल्यावर तिला वाळीत टाकलं. चार-पाच पुरुषांनी कुठेतरी बसून ते ठरवलं असणार, पण ते अमलात कोणी आणलं? नळावर ती आली की हंडे सरकवायच्या त्या बायका. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला द्यायचं नाही हे बायकांनी पाळलं. गिरणीत तिचा डबा संध्याकाळपर्यंत मागे राहायचा. भातलावणीला इर्जिकीत तिला कोणी घेतलं नाही, आणि पाऊस थांबत नसतो. शेवटी बचत गटानेही तिचा हप्ता घेतला नाही.

मी एकेकीला भेटले. कोणीही तिला शिवी दिली नाही. कोणी तिला खोटारडी म्हणालं नाही. सगळ्यांनी मला चहा दिला. आणि प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकलं, ‘माझं काही नाही हो, पण बाकीच्यांना चालत नाही.’ बाकीचे कोण, असं विचारत मी शेवटच्या घरापर्यंत गेले. तिथेही बाकीचेच होते.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा आपल्या प्रत्येक मंडळात माहीत असायला हवा. या बाईने तक्रारही दिली. चौकशीत सगळ्यांनी सांगितलं की कोणी कुणाला मनाई केलेली नाही, ज्याची त्याची मर्जी. कागदावर काहीच झालेलं नव्हतं. न बोलण्याचा पंचनामा कसा करायचा?

‘झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये एक पोरगी आहे. रात्री सायकलवर जाऊन, कैदी जिथे राबतात तिथे मातीत सफरचंदं लपवून ठेवते. चित्रपटात हा भाग फार थोडा वेळ आहे आणि तिचं कोणी कौतुक करत नाही. त्या गावातही एक म्हातारी होती. ती काही बोलली नाही, फक्त नळावर रोज त्या बाईच्या मागे नंबर लावायची. इतरांनी हंडे सरकवले की ही आपला हंडा तिच्या हंड्याला लावून ठेवायची. मग महिन्याभराने गटातल्या दोघी बैठकीत तिच्या शेजारी बसल्या. पुढे हप्ताही घेतला गेला. आठ महिने लागले. साक्षीवर ती शेवटपर्यंत ठाम राहिली.

यातून मी एवढंच शिकले की ‘बाकीचे’ नावाची कोणी व्यक्ती नसते. आपण एकेक जण दुसऱ्यांसाठी ‘बाकीचे’ असतो. म्हणून एकीने जागा बदलली की शेजारणीला तो आडोसा राहत नाही. पण याचा अर्थ सगळे सारखेच दोषी असाही नाही. ज्यांनी ठरवलं, ज्यांचा त्यात फायदा होता, त्यांची जबाबदारी मोठी. भीतीने हंडा सरकवणारीची वेगळी. ती वेगळी असली तरी ती आहे. हा फरक नीट केला नाही तर आपण एक तर सगळ्यांना माफ करून टाकतो, नाहीतर सगळ्यांवर ओरडून घरी जातो.

सिनेमा इथे उपयोगी पडतो. गावात उभं राहून ‘तुम्ही हिला वाळीत टाकलंत’ असं म्हटलं की सभा उठते. ‘कोर्ट’मधल्या नूतनबद्दल मात्र बायका दोन तास बोलू शकतात, आणि बोलता बोलता आपल्या गावाबद्दल बोलू लागतात. चित्रपट मराठीत आहे, त्यामुळे कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही. भोरच्या राजवाड्यात शूटिंग झालं की आपण कोणता नट आला ते बघायला धावतो. त्याच उत्साहाने असा चित्रपट वाडीवस्तीवर नेता येईल. पडदा, प्रोजेक्टर आणि अंधार पडल्यावरची मोकळी वेळ पुरते.

दाखवताना एक काळजी घ्या. चित्रपट संपल्यावर लगेच ‘काय शिकलात’ असं विचारू नका. साधे प्रश्न विचारा. कोणत्या प्रसंगात हसू आलं आणि कोण हसलं नाही? शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश पोराला थोबाडीत मारतात, तेव्हा काय वाटलं? सरकारी वकील बाईंच्या जागी आपली मुलगी असती तर तिने काय करायला हवं होतं, आणि ते करायला तिला काय किंमत द्यावी लागली असती? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. किंमत न मोजता धीटपणाचा उपदेश करणं सोपं असतं, आणि बायका तो लगेच ओळखतात. एकटीला परवडत नाही ते पाच जणींना परवडतं का, यावर मग बोलता येतं. संघटना लागते ती त्यासाठीच.

आता चहा घेऊ. त्यानंतर पाच-पाच जणींचे गट करा, एका गटात एकाच गावच्या दोघी नकोत. प्रत्येकीने आपल्या गावातली अशी एक बाई आठवायची, जिच्याशी सध्या कोणी बोलत नाही. नाव सांगायचं नाही. तिच्याशी न बोलण्याचं आपण स्वतःला काय कारण दिलं, ते सांगायचं. आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी तिच्या दारात कोण जाणार, सोबत कोण येणार, तेही कागदावर लिहून दुपारच्या जेवणाआधी माझ्याकडे द्यायचं.